मराठीतील सामासिक शब्दांचे शब्दशः अर्थ

सामासिक शब्दातील घटक पदे सुटी करून, त्या पदांच्या मूळ अर्थांवरून जो अर्थ मिळतो त्याला त्या शब्दाचा शब्दशः अर्थ म्हणतात. व्यवहारात तो शब्द ज्या अर्थाने वापरला जातो तो त्याचा रूढ अर्थ होय. काही शब्दांत हे दोन्ही अर्थ जवळजवळ एकच असतात. उदाहरणार्थ, ‘पायवाट’ म्हणजे पायांनी चालण्याची वाट. काही शब्दांत मात्र त्यांच्यात मोठे अंतर पडलेले असते. ‘हातरुमाल’ या शब्दातील ‘रुमाल’ हे पद फारसी असून ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे ‘हातरुमाल’ हा शब्दशः ‘हाताचा तोंडपुसणा’ ठरतो. बोलणाऱ्याला याची जाणीव नसते आणि तशी ती असण्याची गरजही नसते.

शब्दशः अर्थावरून वस्तूचे आजचे स्वरूप कळेलच असे नाही. तिला नाव देणाऱ्यांनी त्या वेळी तिच्यात काय पाहिले, हे मात्र त्यावरून बहुधा कळते. म्हणून असे शब्द समाजाच्या इतिहासाचे एक साधन मानले जातात. मात्र शब्दाची फोड चुकीची झाली, तर हेच साधन दिशाभूलही करते.

## व्याकरणातील स्थान

‘समास’ हा शब्द ‘सम्’ (एकत्र) आणि ‘अस्’ (टाकणे) यांपासून झाला आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘एकत्र टाकणे’ असा होतो. सामासिक शब्दाची फोड करून दाखवण्यास ‘विग्रह’ म्हणतात. संस्कृत व्याकरणकारांनी समासाच्या काही प्रकारांना त्या त्या प्रकारातील नमुन्याचा शब्दच नाव म्हणून दिला. ‘तत्पुरुष’ म्हणजे ‘त्याचा माणूस’, ‘द्विगु’ म्हणजे ‘दोन गाईंच्या मोलाचा’ आणि ‘बहुव्रीही’ म्हणजे ‘ज्याच्याकडे पुष्कळ तांदूळ आहे असा’. विद्यार्थी जी नावे पाठ करतात, ती स्वतःच त्या त्या समासाची उदाहरणे आहेत.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये, तर मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. शालेय व्याकरणात अव्ययीभाव, तत्पुरुष, द्वंद्व आणि बहुव्रीही असे चार मुख्य प्रकार शिकवले जातात. कोणते पद प्रधान आहे, यावरून ही विभागणी केली जाते.

शब्दशः अर्थाच्या दृष्टीने तत्पुरुषाचा ‘मध्यमपदलोपी’ हा उपप्रकार विशेष महत्त्वाचा आहे. यात दोन पदांचा संबंध दाखवणारे मधले पद गळून पडलेले असते. ‘साखरभात’ म्हणजे साखर घालून केलेला भात, ‘पुरणपोळी’ म्हणजे पुरण भरून केलेली पोळी, ‘पोळपाट’ म्हणजे पोळी लाटण्याचा पाट. गळलेले पद कोणते, हे शब्द सांगत नाही. ते भाषकाला ठाऊक असावे लागते. ‘आग’ हे पद असलेले शब्द पाहिल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. ‘आगबोट’ आगीच्या बळावर चालते. ‘आगपेटी’त आग नसून आग पेटवण्याच्या काड्या असतात. पहिले पद एकच असले, तरी त्याचा दुसऱ्या पदाशी असलेला संबंध दोन्ही शब्दांत निराळा आहे. घटकांचे अर्थ कोशात सापडतात, त्यांच्यातील संबंध मात्र समाजाच्या अनुभवातून कळतो. परभाषक विद्यार्थ्याची अडचण बहुधा याच ठिकाणी होते.

## घटक पदांचे स्रोत

मराठीच्या सामासिक शब्दांत संस्कृत, तद्भव, देशी, फारसी, अरबी, पोर्तुगीज आणि इंग्रजी पदे एकमेकांशी जोडलेली आढळतात. ‘हवामान’ या शब्दात ‘हवा’ हे पद अरबीतून आलेले असून ‘मान’ (माप) हे संस्कृत आहे. ‘वडापाव’ या शब्दातील ‘पाव’ हा पोर्तुगीजांच्या भाषेतील भाकरीवाचक शब्दावरून आला. ‘बटाटेवडा’ या शब्दातील बटाटाही पोर्तुगीजांबरोबरच आला.

दोन भाषांतील समानार्थी पदे शेजारी ठेवून झालेले जोडशब्द हा या मिश्रणाचा एक वेगळा गट आहे.

* बाजारहाट – ‘बाजार’ फारसी, ‘हाट’ संस्कृत ‘हट्ट’वरून, दोन्हींचा अर्थ बाजार.
* कागदपत्र – ‘कागद’ फारसीतून, ‘पत्र’ संस्कृत.
* धनदौलत – ‘धन’ संस्कृत, ‘दौलत’ अरबीतून फारसीमार्गे.
* रीतिरिवाज – ‘रीति’ संस्कृत, ‘रिवाज’ अरबीतून.
* मानमरातब – ‘मान’ संस्कृत, ‘मरातब’ अरबीतून.

फारसी ही दीर्घकाळ दरबाराची भाषा होती, तर गावातील व्यवहार मराठीत चालत असे. दोन्हीकडचे शब्द जोडून वापरल्याने अर्थाला व्यापकता येते. व्याकरणात असे शब्द समाहार द्वंद्वात मोडतात. ‘बाजारहाट’ म्हणजे केवळ दोन बाजार नव्हेत. खरेदी आणि तिच्याशी जोडलेली सारी कामे त्यात येतात.

‘नामा’ हे लेख या अर्थाचे फारसी पद असलेले शब्दही याच इतिहासातील आहेत. ‘पंचनामा’ म्हणजे पंचांनी केलेला लेख. यातील ‘पंच’ हा शब्द मुळात पाच ही संख्या दाखवतो, पण आजच्या पंचनाम्यासाठी पंच पाचच असावेत असे नाही. ‘राजीनामा’ हा शब्द अधिक लक्षणीय आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘राजी असल्याचा, म्हणजे संमतीचा लेख’ असा आहे. हिंदी-उर्दूत तो तडजोडीच्या लेखासाठी वापरला जातो. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाच्या व्यवहारात खातेदार जमीन सोडताना ‘राजीनामा’ आणि नवा खातेदार ती घेताना ‘कबुलायत’ लिहून देत असे. स्वखुशीने हक्क सोडण्याचा हा अर्थ नोकरी किंवा पद सोडण्याला सहज लागू पडला. त्यामुळे नाराजीने दिलेला राजीनामाही शब्दशः संमतीपत्रच असतो.

## दैनंदिन व्यवहारातील शब्द

### घर आणि स्वयंपाक

‘स्वयंपाकघर’ या शब्दातील ‘स्वयंपाक’ म्हणजे ‘स्वतः शिजवणे’. अन्न कोणी शिजवले याला सोवळ्याच्या आचारात फार महत्त्व होते. त्या आचारात स्वतः शिजवलेले अन्न हा एक वेगळा प्रकार मानला जाई. मराठीत पुढे ‘स्वयं’ या पदाचा अर्थ लोपला आणि स्वयंपाक म्हणजे नुसते शिजवणे असा अर्थ रूढ झाला. ‘आचाऱ्याकडून स्वयंपाक करवून घेतला’ हे वाक्य शब्दशः विसंगत आहे, तरी मराठी भाषकाला त्यात काही खटकत नाही.

‘घर’ हे पद मराठीत खोलीसाठीही येते. ‘माजघर’ म्हणजे मधले घर, ‘देवघर’ म्हणजे देवांचे घर, ‘न्हाणीघर’ म्हणजे न्हाण्याचे घर. प्रत्यक्षात ही सर्व एकाच घराची दालने आहेत. सदनिकेत भिंतीवर अडकवलेल्या लहानशा लाकडी मखरालाही आज देवघरच म्हणतात.

‘कांदेपोहे’ हा शब्द पदार्थाचे सरळ वर्णन करतो. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात पाहुण्यांना हा पदार्थ देण्याची पद्धत असल्याने तो शब्द त्या कार्यक्रमाचाच वाचक झाला. येथे शब्दशः अर्थ आणि लाक्षणिक अर्थ शेजारी शेजारी नांदतात.

### शरीराचे अवयव

अवयववाचक पदांपासून झालेले शब्द मराठीत विपुल आहेत. ‘कानउघाडणी’ म्हणजे कान उघडणे, रूढ अर्थ खरमरीत समज देणे. ‘डोळेझाक’ म्हणजे डोळे झाकणे, रूढ अर्थ जाणूनबुजून दुर्लक्ष करणे. ‘तोंडओळख’ या शब्दात ‘तोंड’ हे चेहरा या अर्थाने येते. चेहऱ्यापुरती ओळख, म्हणून जुजबी परिचय. ‘तोंडपाठ’ या शब्दात तेच पद मुख या अर्थाने येते, आणि ‘पाठ’ म्हणजे शरीराची पाठ नसून पठण होय.

‘पोट’ या पदाचा उपयोग विशेष आहे. जे एखाद्या मोठ्या गोष्टीच्या आत सामावते किंवा तिच्या अखत्यारीत येते, ते मराठीत तिच्या ‘पोटात’ असते. यावरून ‘पोटजात’, ‘पोटनियम’, ‘पोटकलम’, ‘पोटभाडेकरू’ आणि ‘पोटनिवडणूक’ हे शब्द झाले. घरगुती भाषेतील हे पद कायदा आणि निवडणूक यांच्या परिभाषेत पोहोचले आणि तेथे टिकले.

‘हातमोजा’ या शब्दातील ‘मोजा’ हे फारसी पद मुळात पायात घालण्याच्या वस्तूचे नाव आहे. त्यामुळे ‘पायमोजा’ या शब्दात पाय दोनदा सांगितला जातो आणि ‘हातमोजा’ हा शब्दशः हाताला घातलेले पायताण ठरतो. जर्मन भाषेतही हातमोज्याला ‘हांडशू’, म्हणजे ‘हाताचा जोडा’ असेच म्हणतात.

### प्राणी आणि वनस्पती

‘मधमाशी’, ‘पाणकोंबडी’, ‘सदाफुली’, ‘रातराणी’, ‘सूर्यफूल’ ही नावे गुणधर्मावरून दिलेली आहेत. ‘पाणघोडा’ हा शब्द मूळ ग्रीक नावातील ‘नदीचा घोडा’ या कल्पनेशी जुळतो. ‘घोड’ हे पद मात्र नेहमी प्राणिवाचक नसते. ‘घोडचूक’ म्हणजे मोठी चूक. येथे घोडा आकाराचे माप आहे. रूढ वयाच्या पुढे अविवाहित राहिलेल्या मुलीला हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘घोडनवरी’ हा शब्दही याच पदापासून झाला. बालविवाहाच्या काळात हे रूढ वय फारच कमी होते, हे लक्षात घेतल्यास त्या शब्दातील क्रौर्य ध्यानात येते.

## झाकलेले समास

काही शब्द आज सामासिक वाटत नाहीत, कारण उच्चारातील बदलांमुळे त्यांची पदे एकमेकांत मिसळून गेली आहेत.

* माहेर – ‘मातृगृह’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून. शब्दशः आईचे घर.
* मावशी – ‘मातृष्वसा’; आईची बहीण.
* भावजय – ‘भ्रातृजाया’, भावाची पत्नी.
* देऊळ – ‘देवकुल’, देवाचे घर.
* राऊळ – ‘राजकुल’. राजाचे घर, पुढे देवालय.
* सोनार, लोहार, कुंभार – अनुक्रमे ‘सुवर्णकार’, ‘लोहकार’ आणि ‘कुंभकार’.
* सुतार – ‘सूत्रधार’. मापासाठी दोरी धरणारा. नाटकातील ‘सूत्रधार’ हे याच शब्दाचे संस्कृत रूप होय.
* तांबट – ‘ताम्रकुट्ट’, तांबे ठोकणारा. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीच्या नावात हा शब्द आजही आहे.

यांपैकी ‘माहेर’ या शब्दाची फोड अनेक मराठी भाषकांना सांगावी लागते. स्त्रीच्या जन्मघराला हा शब्द वडिलांचे नव्हे, तर आईचे घर म्हणतो. मालमत्ता आणि कुळाचे नाव वडिलांकडून येत असले, तरी नाव देणाऱ्यांनी त्या घराची ओळख आईवरून केली.

## वस्तू बदलली, नाव राहिले

मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि १८५८ मध्ये रेल्वे पुण्यास पोहोचली. कोळशाच्या आगीवर चालणाऱ्या या वाहनाला मराठीत ‘आगगाडी’ हे नाव पडले. पुढे १ जून १९३० रोजी मुंबई–पुणे मार्गावर ‘दख्खनची राणी’ ही गाडी विजेच्या इंजिनावर धावू लागली. तरीही त्या मार्गावरील गाडीला पुढे कित्येक वर्षे आगगाडीच म्हटले जात होते. नावातील पहिले पद गाडीला सोडून गेले, याची भाषेने नोंद घेतली नाही.

‘चित्रपट’ हा शब्द याच्या उलट दिशेचा आहे. ‘पट’ म्हणजे वस्त्र. रंगवलेल्या कापडासाठी हा शब्द संस्कृतात पूर्वीपासून होता. पडद्यावर हलती चित्रे दिसू लागल्यावर जुना शब्द नव्या वस्तूला मिळाला आणि चित्रांना आवाज लाभल्यावर ‘बोलपट’ झाला. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. तो काढणारी प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आली. सर्वच चित्रपट बोलू लागल्यावर ‘बोल’ हे पद सांगण्याचे कारण उरले नाही आणि ‘बोलपट’ हा शब्द मागे पडला. आता चित्रण संगणकीय साधनांनी होत असले, तरी शब्दातील वस्त्र कायम आहे.

## पुण्यातील स्थलनामे

पुण्याच्या पेठांपैकी काहींना वारांची, तर काहींना व्यक्तींची नावे आहेत. सदाशिव पेठ हे नाव सदाशिवरावभाऊंवरून, तर नारायण पेठ हे नारायणराव पेशव्यांवरून पडले. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी झाली. वाडा ज्या पेठेत आहे तीही शनिवार पेठच आहे.

‘रास्ता पेठ’ हे नाव मात्र फसवे आहे. त्याचा रस्त्याशी संबंध नसून ते रास्ते या सरदार घराण्यावरून पडले आहे. ‘लकडी पूल’ हा पानिपतच्या युद्धाच्या वर्षी, १७६१ मध्ये, लाकडाचा बांधला गेला. त्याच्या जागी पुढे पक्का पूल झाला आणि त्याला छत्रपती संभाजी पूल असे नावही दिले गेले. बोलण्यातील लाकूड मात्र गेले नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. त्याच्या शिवाजीनगर येथील इमारतीला लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले आणि तेच नाव जवळच्या चौकालाही मिळाले. नवख्या माणसाला या नावाचे शब्द कळतात, पण त्यामागील स्थलांतर ठाऊक नसेल तर अर्थ लागत नाही.

## हेतुपूर्वक घडवलेले शब्द

वरील बहुतेक शब्द लोकव्यवहारात आपोआप झाले. काही शब्द मात्र विचारपूर्वक घडवले गेले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातील ‘राज्यव्यवहारकोश’ या ग्रंथात राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. विसाव्या शतकात वि. दा. सावरकर यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘नगरपालिका’, ‘अर्थसंकल्प’, ‘हुतात्मा’ इत्यादी शब्दांच्या प्रचाराचे श्रेय त्यांना दिले जाते. ‘पौर’ म्हणजे पुरात राहणारा, नागरिक. ‘महापौर’ म्हणजे शब्दशः मोठा नागरिक. शासक या अर्थाचे कोणतेही पद या शब्दात नाही. कवी माधव जूलियन (मा. त्र्यं. पटवर्धन) यांनी आधी फारसी-मराठी कोश रचला आणि पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये त्याचा ‘पदनाम कोश’ निघाला. त्यातील संस्कृतप्रचुर शब्दांवर टीका झाली आणि त्याला थट्टेने ‘बदनाम कोश’ म्हटले गेले. तरी त्यातील कित्येक पदनामे आज कार्यालयांच्या पाट्यांवर रुळली आहेत.

घडवलेला शब्द टिकणे हे केवळ शब्दशः अर्थ अचूक असण्यावर अवलंबून नसते. ‘दूरध्वनी’ आणि ‘दूरदर्शन’ हे शब्द मूळ युरोपीय शब्दांच्या घटकांचे नेमके भाषांतर आहेत. पहिला मुख्यतः लेखी भाषेत राहिला; दुसरा सरकारी वाहिनीचे विशेषनाम झाला आणि उपकरणाला लोक टीव्ही म्हणू लागले. ‘भ्रमणध्वनी’, म्हणजे भटकता आवाज, हा शब्द मोबाइलपुढे मागे पडला. शाईच्या पेनासाठी सुचवलेला ‘झरणी’ हा शब्द छोटा आणि अर्थवाही असूनही रुळला नाही. ज्या वस्तूबरोबर तिचे परकीय नाव आधीच घरात आले, तिच्यासाठी घडवलेला शब्द उशिरा पोहोचतो. ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे कार्यालयीन शब्द कागदोपत्री रोज लिहिले गेल्याने रुजले.

## संस्थांच्या नावांतील शब्दशः अर्थ

एकोणिसाव्या शतकातील पुण्यात संस्थेचे नाव हे तिच्या भूमिकेचे निवेदन असे. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये सुरू केलेल्या ‘बालहत्या प्रतिबंधक गृहा’चे नाव त्याचा हेतू कोणताही आडपडदा न ठेवता सांगते. पुनर्विवाहाची बंदी असलेल्या विधवांवर लादल्या जाणाऱ्या मातृत्वातून होणाऱ्या नवजात बालकांच्या हत्या समाज बोलून दाखवत नव्हता. नावाने त्या उघडपणे सांगितल्या. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या ‘सत्यशोधक समाजा’च्या नावातही सत्य सापडल्याचा दावा नाही, शोधण्याची क्रिया आहे.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये, स्वतः विधवेशी विवाह केला त्याच वर्षी, ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन केली. १८९५ मध्ये तिचे नाव ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ असे बदलण्यात आले. पहिल्या नावाचा विग्रह ‘विधवांच्या विवाहास उत्तेजन देणारी’ असा होतो. दुसऱ्याचा ‘विधवांच्या विवाहास असलेल्या प्रतिबंधाचे निवारण करणारी’ असा. पहिल्या नावानुसार मंडळी विवाह घडवून आणण्यास चालना देते; दुसऱ्या नावानुसार ती केवळ आड येणारा अडथळा दूर करते आणि विवाह करावा की नाही हा निर्णय त्या स्त्रीकडे राहतो. दोन्ही नावांत ‘विधवाविवाह’ हा भाग समान आहे. भूमिकेतील फरक उरलेल्या पदांनी दाखवला आहे. समासाचा विग्रह ही केवळ परीक्षेतील कृती नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

## कोरियन भाषेशी तुलना

सामासिक शब्दांच्या शब्दशः अर्थाच्या अभ्यासासाठी कोरियन ही तुलनेस सोयीची भाषा आहे. मराठीत जसे तद्भव-देशी आणि संस्कृत असे दोन थर आहेत, तसे कोरियनमध्ये अस्सल कोरियन आणि चिनीमूलक असे दोन थर आहेत. घरगुती शब्द बहुधा पहिल्या थरातून आणि शास्त्रीय वा कार्यालयीन शब्द दुसऱ्या थरातून घडतात.

कोरियनमध्ये अश्रूला ‘नुनमुल’ म्हणतात: ‘नुन’ म्हणजे डोळा, ‘मुल’ म्हणजे पाणी. मराठीत ‘डोळ्यांत पाणी आले’ असे म्हणतात, पण त्याचा एक शब्द झालेला नाही. जी कल्पना मराठीने वाक्प्रयोगात ठेवली, तिचा कोरियनने समास केला. मनगट म्हणजे ‘सोनमोक’, शब्दशः ‘हाताची मान’, आणि घोटा म्हणजे ‘बालमोक’, ‘पायाची मान’. ‘बामनात’ म्हणजे ‘रात्र-दिवस’. मराठीच्या ‘रात्रंदिवस’ या शब्दाप्रमाणे यातही रात्र आधी येते.

शिष्टाचारासाठी झालेले शब्दही जुळतात. कोरियनमध्ये शौचालयाला ‘ह्वाजांगशिल’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘शृंगाराची खोली’ असा आहे. मराठीतील ‘प्रसाधनगृह’ हा शब्द नेमका याच अर्थाचा आहे. ‘शौचालय’ या शब्दातही ‘शौच’ म्हणजे मुळात शुचिता होय.

शास्त्रीय शब्दांत मात्र दृष्टिकोन वेगळा दिसतो. ऑक्सिजनला कोरियनमध्ये ‘सानसो’, म्हणजे ‘आम्लतत्त्व’ म्हणतात. जपानमध्ये डच शब्दावरून घडवलेला हा शब्द कोरियनमध्ये आला. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच, या अठराव्या शतकातील लाव्हाझिए यांच्या समजुतीवरून मूळ युरोपीय नाव पडले होते. ती समजूत पुढे चुकीची ठरली, पण नाव राहिले. मराठीतील ‘प्राणवायू’ हा शब्द आयुर्वेदाच्या परिभाषेतील असून तो त्या वायूचे जीवनातील कार्य सांगतो.

एकाच अर्थाची दोन पदे जोडण्याची प्रवृत्तीही दोन्हीकडे आहे. कोरियनमधील ‘योकजनाप’ या शब्दात ‘स्थानक’, चिनीमूलक ‘पुढे’ आणि अस्सल कोरियन ‘पुढे’ अशी तीन पदे आहेत. मराठीत ‘पाणपोई’ या शब्दातील ‘पोई’ हे संस्कृत ‘प्रपा’वरून आले असून त्याचाच अर्थ पाणी पाजण्याची जागा असा आहे. जुन्या पदाचा अर्थ विस्मरणात गेला की भाषा तोच अर्थ पुन्हा जोडून घेते.

## शब्दशः अर्थाच्या मर्यादा

शब्द ज्या पदांसारखा ऐकू येतो त्याच पदांपासून तो झाला असेल, असे मानता येत नाही. अशा चुकीच्या फोडीला ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणतात. ‘भाऊबीज’ या शब्दातील ‘बीज’ म्हणजे बियाणे नव्हे. ते ‘द्वितीया’ या तिथीचे मराठी रूप आहे. पीठ पायांनी तुडवतात म्हणून ‘पाव’, ही प्रचलित समजूतही निराधार आहे. व्युत्पत्ती पडताळण्यासाठी मराठीत चांगली साधने उपलब्ध आहेत: मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), पुण्यातून प्रसिद्ध झालेला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ पासून) आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ (१९४६).

दुसरी मर्यादा अशी की, शब्दशः अर्थ शुभ असला म्हणजे शब्द सर्वांना मान्य होतोच असे नाही. ‘अपंग’ या शब्दाऐवजी अलीकडे शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’, म्हणजे ज्याचे अंग दिव्य आहे असा, हा बहुव्रीही शब्द वापरला जातो. उणीव दाखवणारा शब्द टाळला गेला, म्हणून काहींनी त्याचे स्वागत केले. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या काही संघटनांनी मात्र, दिव्यत्व नको, समान संधी हवी, अशा आशयाचा आक्षेप घेतला. बहुतेक शब्दांचा शब्दशः अर्थ वापराने झिजून जातो. येथे शब्द नवा असल्याने त्याची पदे अजून ऐकू येतात आणि म्हणूनच त्यांवर वाद होतो.

## हेही पाहा

* समास
* लोकव्युत्पत्ती
* तत्सम आणि तद्भव शब्द
* भाषाशुद्धी
* राज्यव्यवहारकोश
* पुण्यातील पेठा